नाबाराचे राजे आणि जुन्या गोव्यातला पाहुणा

नाबारा हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इतिहासाच्या पुस्तकात नाही, तर 'युरोपा युनिव्हर्सालिस' या कॉम्प्युटर गेममध्ये. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर रात्र रात्र तो गेम चालायचा. १४४४ सालचा जगाचा नकाशा समोर येतो, आपण एक देश निवडायचा आणि पुढची चारेकशे वर्षं चालवायचा. माझा रूममेट ऑटोमन साम्राज्य घ्यायचा. मला खाज अशी, की नकाशावरचा सगळ्यात किरकोळ देश घ्यायचा. पिरेनीज पर्वताच्या कुशीत फ्रान्स, कॅस्टिल आणि आरागोन यांच्या मध्ये एक चिमुकला ठिपका होता. तो घेतला. वीसेक मिनिटांत कॅस्टिलने गिळला. परत घेतला, परत गिळला. सातव्या-आठव्या प्रयत्नानंतर वाटलं की हा गेमचा दोष असावा. म्हणून खरं काय झालं ते शोधायला गेलो आणि कळलं, की खऱ्या इतिहासातही तसंच झालं होतं. फक्त त्याआधी हे राज्य सात शतकं टिकून होतं. गेममध्ये मला वीस मिनिटं जमेना, त्यांनी सातशे वर्षं कशी काढली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. आता नोकरीला सहा वर्षं झाली, गेम सुटला, प्रश्न सुटला नाही.

सुरुवात एका पराभवापासून करायला हवी, पण तो पराभव दुसऱ्याचा. ७७८ साली शार्लमेन स्पेनमधल्या मोहिमेवरून हात हलवत परतत होता. वाटेत त्याने पाम्प्लोना या बास्क लोकांच्या शहराची तटबंदी पाडली. बास्क लोकांनी खिंडीत वाट पाहिली. रोन्सेस्व्हाल्सच्या डोंगरात सैन्याची पिछाडी एकटी सापडली, तेव्हा वरून उतरून ती कापून काढली, सामान लुटलं आणि अंधार पडायच्या आत पांगले. मेलेल्यांत रोलाँ नावाचा एक सरदार होता. तीनशे वर्षांनी फ्रेंच भाटांनी या रोलाँवर महाकाव्य रचलं, आणि त्यात हल्लेखोर कोण? मुसलमान. हजारो सारासेन, हत्तीच्या दाताची तुतारी, सगळा थाट. बास्क लोक आपल्या सगळ्यात गाजलेल्या विजयातूनच गायब. ज्यांची स्वतःची बखर नसते त्यांचं असं होतं.

पुढे ८२४ मध्ये त्याच डोंगरात फ्रँक सैन्याचा दुसऱ्यांदा फडशा पडला आणि परंपरेने त्याच सुमाराला इन्यिगो आरिस्ता पाम्प्लोनाचा पहिला राजा झाला. बास्कमध्ये एनेको. 'आरिस्ता'चा संबंध बास्कमधल्या ओक झाडाच्या शब्दाशी लावतात. या दुसऱ्या लढाईत एनेकोच्या लोकांच्या बाजूने लढले ते बनू कासी, म्हणजे एब्रो नदीच्या खोऱ्यातले मुसलमान सरदार. हे घराणं मूळचं कासियस नावाच्या एका व्हिसिगॉथ सरदाराचं, अरब आल्यावर बाटलेलं. त्यांचा पुढारी मूसा इब्न मूसा हा एनेकोचा सावत्र भाऊ होता. आई एकच, बाप वेगळे. एक भाऊ ख्रिस्ती राजा, दुसरा मुसलमान सरदार, आणि दोघे मिळून ख्रिस्ती फ्रँकांनाही झोडपतात आणि कोर्दोबाच्या अमिरालाही डोळे दाखवतात. शाळेत आपल्याला मध्ययुग म्हणजे धर्म विरुद्ध धर्म असं शिकवलं जातं. इथे धर्माच्या आधी नातं येतं.

या नात्यांचा कळस म्हणजे ओनेका. एनेकोचा नातू फोर्तुन सुमारे वीस वर्षं कोर्दोबात ओलीस होता. त्याची मुलगी ओनेका तिथल्या राजपुत्राला, पुढे अमीर झालेल्या अब्दुल्लाला दिली. त्यांच्या मुलाचा मुलगा म्हणजे तिसरा अब्द अर्-रहमान, कोर्दोबाचा पहिला खलिफा, दहाव्या शतकातल्या युरोपातला बहुधा सगळ्यात बलाढ्य माणूस. त्याचे डोळे निळे होते आणि तो दाढी काळी रंगवायचा, असं अरबी लेखक सांगतात. त्याच ओनेकाला आझ्नार सांचेस या चुलतभावापासून झालेली मुलगी तोदा. ती पाम्प्लोनाची राणी. म्हणजे खलिफाची सख्खी नाही तरी अर्धी आत्या.

तोदाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण या सगळ्या राजांच्या जंत्रीत मला खरी राज्यकर्ती तीच वाटते. तिचा नवरा पहिला सांचो ९०५ मध्ये गादीवर आला, नव्या घराण्याचा पहिला राजा. तो लढवय्या होता, पण ९२४ मध्ये या अब्द अर्-रहमाननेच पाम्प्लोना लुटून जाळलं. पुढच्याच वर्षी सांचो मेला, मुलगा गार्सिया लहान. तोदाने मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला, मुली आजूबाजूच्या राजांना आणि सरदारांना दिल्या, आणि ९३४ मध्ये खलिफा पुन्हा सैन्य घेऊन आला तेव्हा त्याला सामोरी जाऊन नातं सांगितलं आणि राज्य वाचवलं. नंतर संधी मिळताच करार मोडलाही. आत्या असली म्हणून काय झालं.

तिचा एक नातू सांचो हा शेजारच्या लेओनचा राजा होता. इतिहासात त्याचं नाव 'लठ्ठ सांचो' असंच आहे. तो इतका जाड की घोड्यावर बसता येईना, आणि त्या काळात घोड्यावर न बसणारा राजा म्हणजे सही न करता येणारा मॅनेजर. ९५८ मध्ये सरदारांनी त्याला हाकलून दुसऱ्याला बसवलं. तो आजीकडे आला. आजीने पत्र लिहिलं ते थेट खलिफाला: नातवाला बारीक करायला वैद्य हवा आणि गादीवर बसवायला सैन्य हवं. खलिफाने हस्दाई इब्न शाप्रुत हा आपला ज्यू वैद्य आणि मुत्सद्दी पाठवला. त्याने पाम्प्लोनाला येऊन सांगितलं की उपचार होतील, पण कोर्दोबात यावं लागेल. म्हणजे ख्रिस्ती राणीने, तिच्या राजा असलेल्या मुलाने आणि पदच्युत नातवाने सगळ्या स्पेनसमोर खलिफाच्या दरबारात हजर व्हायचं. म्हातारी तोदा गेली. नातू बारीक झाला, दहा किल्ल्यांच्या बोलीवर सैन्य मिळालं, आणि ९६० मध्ये तो पुन्हा लेओनच्या गादीवर बसला. ख्रिस्ती राजा, मुसलमान सैन्य, ज्यू डॉक्टर आणि हे जुळवून आणणारी एक बास्क आजी. यावर अजून कुणी वेब सिरीज कशी काढली नाही कळत नाही.

याच घराण्यातला थोरला सांचो (१००४–१०३५) हा या राज्याचा परमोच्च बिंदू. उत्तर स्पेनचा बहुतेक ख्रिस्ती मुलूख त्याच्या हाताखाली होता. मग मरताना मुलांत वाटणी झाली: गार्सियाला पाम्प्लोना, फर्नांदोला कॅस्टिल, रामिरोला आरागोन, गोन्झालोला डोंगरातला एक तुकडा. पुढे पाम्प्लोनाला गिळायला टपलेली दोन मोठी राज्यं, कॅस्टिल आणि आरागोन, यांचे राजवंश अशा रीतीने पाम्प्लोनाच्याच पोटातून निघाले. १०५४ मध्ये फर्नांदोच्या सैन्याशी लढताना गार्सिया मारला गेला. १०७६ मध्ये गार्सियाच्या मुलाला त्याच्याच भावंडांनी शिकारीच्या निमित्ताने नेऊन कड्यावरून ढकलून दिलं. कॅस्टिल आणि आरागोनने लगोलग मुलूख वाटून घेतला, आणि अठ्ठावन्न वर्षं पाम्प्लोनाला स्वतःचा वेगळा राजा नव्हता.

राज्य इथेच संपायला हरकत नव्हती. गेममध्ये संपलं असतं. पण ११३४ मध्ये आरागोनचा राजा आल्फोन्सो निपुत्रिक मेला आणि त्याने सगळं राज्य जेरुसलेमच्या लष्करी धर्मसंघांना लिहून ठेवलं. ते मृत्युपत्र कुणीच मानलं नाही. पाम्प्लोनाच्या सरदारांनी संधी साधून गार्सिया रामिरेस नावाच्या, घराण्याच्या अनौरस शाखेतल्या माणसाला राजा केलं. त्याची आई एल सिद या प्रसिद्ध योद्ध्याची मुलगी होती. त्याच्या मुलाने, शहाण्या सांचोने, ११६२ मध्ये 'पाम्प्लोनाचा राजा' ही पदवी बदलून 'नाबाराचा राजा' अशी घेतली. एका शहराचा राजा नव्हे, एका प्रदेशाचा राजा. हा माणूस कायदे आणि सनदा देणारा. सान सेबास्तियान आणि व्हितोरिया ही आजची मोठी बास्क शहरं त्याच्याच सनदांनी उभी राहिली. त्याच्या मरणानंतर सहा वर्षांतच, १२०० मध्ये, कॅस्टिलने ती दोन्ही घेतली आणि नाबाराचा समुद्र गेला.

पुढचा बलवान सांचो १२१२ मध्ये लास नाव्हास दे तोलोसाच्या लढाईत होता. मुस्लिम सुलतानाच्या तंबूभोवतीच्या साखळ्या त्याने तोडल्या आणि म्हणून नाबाराच्या ढालीवर साखळ्या आहेत, असं सगळीकडे वाचायला मिळतं. गोष्ट छान आहे, पण ढालीवरची ती नक्षी मुळात लाकडी ढालीला मजबुती देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची, असं इतिहासकार म्हणतात. त्याची बहीण बेरेंगारिया हिचं लग्न इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डशी लागलं, तेही सायप्रस बेटावर. सांचो निपुत्रिक मेला आणि १२३४ मध्ये भाचा आला: शाम्पेनचा तिबो, फ्रेंच कवी. तिथून पुढे घराणी फ्रेंच. मधली काही दशकं तर फ्रान्सचा राजाच नाबाराचा राजा होता.

पण मला या परक्या राजांपेक्षा त्यांना घातलेली अट जास्त महत्त्वाची वाटते. तिबो आला तेव्हा लोकांनी जुने हक्क लिहून काढायला सुरुवात केली, तोच नाबाराचा 'फुएरो'. त्यानुसार राजाला आधी शपथ घ्यावी लागे, की तो लोकांचे हक्क सुधारेल, बिघडवणार नाही. मग सरदार त्याला ढालीवर उभा करून वर उचलत. आधी शपथ, मग उचलणं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं: नवं व्हर्जन आणा, पण जुनं चालणारं काही मोडायचं नाही. आजही नाबारा प्रांताच्या १९८२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याच्या नावात 'सुधारणा' या अर्थाचा तोच जुना शब्द आहे. या अटीचा उपयोग १३२८ मध्ये झाला. फ्रान्सने मुलींना गादी नाकारली. नाबाराने सांगितलं की आमच्या कायद्यात तसं काही नाही, आणि दुसऱ्या जोनला राणी करून फ्रान्सपासून वेगळं झालं. तलवारीने नाही, कलमाने.

आणि तरीही ते बुडालं, घरातल्या भांडणाने. राणी ब्लांका १४४१ मध्ये वारली. गादी मुलाची, चार्ल्सची, पण तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की त्याने राजा ही पदवी वडिलांच्या संमतीनेच घ्यावी. वडील, आरागोनचा हुआन, यांनी ती संमती कधीच दिली नाही. बाप आणि मुलगा १४५१ मध्ये समोरासमोर लढले, मुलगा कैद झाला. दोन सरदार गट पडले, बोमोंत आणि आग्रामोंत, आणि पुढची सत्तर वर्षं गावागावात त्यांचं वैर चाललं. या चार्ल्सने नाबाराच्या राजांचा इतिहास लिहिला. स्वतः राजा होता येईना म्हणून पूर्वजांची बखर. तो १४६१ मध्ये बार्सेलोनात मेला, विषाची कुजबुज झाली. बहिणीला, दुसऱ्या ब्लांकाला, बापाने धाकट्या बहिणीच्या सासरी कैदेत पाठवलं, ती तिथेच मेली. ती धाकटी लिओनोर शेवटी १४७९ मध्ये राणी झाली आणि पंधरवड्यात वारली. हुआनला दुसऱ्या बायकोपासून झालेला मुलगा फर्दिनांद, ज्याच्या अंगात नाबाराच्या राजघराण्याचं रक्त नव्हतं, त्याने १५१२ च्या जुलैमध्ये सैन्य पाठवलं. चार दिवसांत पाम्प्लोना शरण आलं. बोमोंत गट त्याच्या बाजूला होताच.

इथपर्यंत ही माझ्यासाठी दूरची गोष्ट होती. मग त्यात एक ओळखीचा माणूस आला.

नाबाराच्या राजाच्या मंडळाचा अध्यक्ष होता हुआन दे हासो, बोलोन्यात शिकलेला कायदेपंडित. राज्य गेल्यावर तीन वर्षांत तो वारला. मुलगे जुन्या राजाशी निष्ठावान राहिले, म्हणून १५१६ मध्ये त्यांच्या किल्ल्याचे बुरूज आणि तट पाडले गेले, खंदक बुजवला गेला. किल्ल्याचं नाव हाबिएर, मूळ बास्क शब्द 'एत्शे बेरी', म्हणजे नवं घर. धाकटा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याचं नाव फ्रान्सिस. १५२१ मध्ये नाबारा परत घ्यायचा मोठा प्रयत्न झाला, मोठे भाऊ त्यात लढले. त्याच धामधुमीत पाम्प्लोनाचा किल्ला कॅस्टिलच्या वतीने लढवणाऱ्या एका बास्क शिपायाचा पाय तोफगोळ्याने मोडला. तो इग्नेशियस लोयोला. आठ वर्षांनी पॅरिसच्या कॉलेजात हे दोघे एका खोलीत राहायला आले. त्यातून जेझुइट संघ झाला, आणि ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या धक्क्यावर उतरला.

माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यांचं कुलदैवत मंगेश. मंगेशाचं मूळ ठाणं साष्टीतलं कुशस्थळी. १५६० मध्ये भाविकांनी लिंग रातोरात नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर असलेल्या प्रियोळला हलवलं. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. झेवियर तेव्हा मरून आठ वर्षं झाली होती, पण ते न्यायासन गोव्यात यावं अशी मागणी करणारं त्याचं पत्र १५४६ चं आहे. दहाव्या वर्षी स्वतःच्या घराचे बुरूज पाडताना पाहिलेल्या माणसाने ते लिहिलं. मी हे वाक्य अनेकदा लिहून खोडलं, कारण ते त्याच्यावर आरोप केल्यासारखंही वाटतं आणि त्याची बाजू घेतल्यासारखंही. मला दोन्ही करायचं नाही. दोन्ही गोष्टी झाल्या, एवढंच.

भाषेचंही तसंच. या बास्क राज्याने कारभार कधी बास्कमध्ये केला नाही. आधी लॅटिन, मग स्थानिक रोमान्स भाषा. ११६७ च्या एका दस्तऐवजात बास्कला 'नाबारी लोकांची भाषा' म्हटलंय, पण तो दस्तऐवज लॅटिनमध्ये. बास्कमधलं पहिलं छापील पुस्तक १५४५ चं, लेखक पिरेनीजच्या उत्तरेकडचा, उरलेल्या नाबारातला एक पाद्री. बायबलचा नवा करार बास्कमध्ये आला १५७१ मध्ये, तोही त्या उरलेल्या नाबाराच्या राणीच्या, जान दाल्ब्रेच्या, आदेशाने. तिचा मुलगा आँरी पुढे फ्रान्सचा राजा झाला आणि त्यानंतरचे फ्रेंच राजे स्वतःला 'फ्रान्स आणि नाबाराचे राजे' म्हणवत राहिले. म्हणजे राज्य जवळपास गेल्यावर दरबाराला लोकांची भाषा आठवली. आणि १५४४ च्या एका पत्रात झेवियर, दक्षिणेतल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांबद्दल लिहिताना, सांगतो की त्यांची भाषा मलबारी आणि माझी बास्क, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं काही कळेना. मग त्याने दुभाषे बसवून प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि पाठ केल्या. त्याच्यामागून सव्वाशेहून जास्त वर्षांनी, १६८४ मध्ये, गोव्याच्या व्हाइसरॉयने कोकणी बोलायला बंदी घातली.

डिसेंबर २०२४ मध्ये दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन होतं. आईला मंगेशीला जायचं होतं, मी म्हटलं आधी जुन्या गोव्याला थांबू. ती म्हणाली, "सायबाक बघूक माजी आवय पण गेल्ली." मला हे माहीतच नव्हतं. मंगेशाच्या भक्त आजीने नवस फेडायला सायबाच्या रांगेत उभं राहायचं, यात घरात कुणाला काही विचित्र वाटलं नव्हतं. दोन तास रांग. पुढे केरळहून आलेलं कुटुंब, मागे बेळगावची शाळा. काचेच्या पेटीपाशी काही सेकंद मिळतात. मी पाय पाहिले, काळेशार, लहान.

बाहेर आल्यावर उसाचा रस घेताना मी आईला त्याच्या घराची गोष्ट सांगितली, वडील, भाऊ, बुरूज, बुजवलेला खंदक. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "आवय होती त्याची?" होती, मी म्हटलं, मारिया दे आस्पिलकुएता. मुलगा पॅरिसला शिकत असताना वारली. "म्हणजे भेट नाय झाली," आई म्हणाली, आणि ग्लास ठेवून पर्समधून सुटे पैसे काढायला लागली, कारण फोंड्याची बस लागली होती.